केळीची जात कॅमेऱ्याने ओळखता येते का? फळ न कापता तपासणीचे तंत्र आणि खानदेशातील उपयोग

मृगबागेसाठी तुम्ही ग्रँड नैनची उतिसंवर्धित रोपे घेतली. बिलावर तेच नाव आहे. आठव्या महिन्यात बाग निसवायला लागली, तेव्हा शंभरातली दहा-बारा झाडे कमरेच्या थोडी वर जाऊन थांबलेली दिसली. त्यांचे घड आखूड आहेत आणि फण्या एकमेकींत दाटल्या आहेत. रोपे देणारा म्हणतो की पाणी-खत कमी पडले. तुम्ही म्हणता की रोपच वेगळे आहे. काढणीला आलेला व्यापारी या वादात पडत नाही, तो सरळ भाव कमी करतो.

अशा वेळी हल्ली कुणीतरी सुचवतो की फळाचा फोटो काढा, जात सांगणारे ॲप आले आहे. कृषी प्रदर्शनांतही फळ न कापता जात, गोडी आणि आतला दोष सांगणारी यंत्रे मांडलेली असतात. हे तंत्र खोटे नाही, पण ते नेमके काय सांगू शकते हे माहीत नसेल तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. केळीपुरते बोलायचे तर सुट्या फळाच्या फोटोवरून बसराई की ग्रँड नैन हा निकाल भरवशाने लागत नाही. उभ्या झाडाच्या फोटोवरून मात्र बरेच काही सिद्ध करता येते.

फळे इतकी सारखी का दिसतात?

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर या पट्ट्यात घेतली जाणारी बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातील आहे. जुनी बसराई, तिच्यातूनच निवडलेली श्रीमंती, महालक्ष्मी आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन या सगळ्या एकाच घरातल्या. केळीला बी नसते. नवी जात बहुधा जुन्याच झाडात आपोआप झालेल्या एखाद्या लहान बदलातून निघते आणि मुनव्यांतून किंवा उतिसंवर्धनातून पुढे जाते. त्यामुळे या जातींत फरक आहे तो मुख्यतः झाडाच्या उंचीत, पानाच्या ठेवणीत आणि घडाच्या बांधणीत. साल, गर, रंग आणि साखर यांत फरक फार थोडा.

घरी करून पाहा. एका बागेतील बसराई आणि ग्रँड नैन यांच्या, घडातल्या एकाच क्रमांकाच्या फण्या घ्या. लांबी सारखी असलेली केळी सुटी करून टेबलावर मिसळा आणि शेजाऱ्याला वेगळी करायला सांगा. अनुभवी माणूस लांबी आणि बाक यांवरून काही केळी ओळखेल, पण खतावर पोसलेली बसराई आणि उपाशी राहिलेली ग्रँड नैन समोर आली की तोही गोंधळेल. कॅमेऱ्याची अडचण नेमकी हीच आहे.

आपला बाजारसुद्धा जातीपेक्षा बागेवर भाव ठरवतो. रावेरच्या भावफलकावर नवती, पिलबाग, वापसी असे लिहिलेले असते. ग्रँड नैन हे नाव रोपाच्या बिलावर महत्त्वाचे, काट्यावर तितके नाही.

कॅमेरा काय मोजतो?

फळावर प्रकाश पडला की काही भाग परत येतो, काही आत शोषला जातो. कोणत्या रंगाचा किती प्रकाश परत आला यावरून आत काय आहे याचा अंदाज बांधतात. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. त्याच्या पुढे अवरक्त प्रकाश सुरू होतो, तो आपल्याला दिसत नाही. सालीतील हिरवे द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पिते. पाणी ९७० नॅनोमीटरजवळचा अवरक्त प्रकाश शोषते. साखर आणि एकूण शुष्क पदार्थ यांचाही माग याच अवरक्त पट्ट्यात काढता येतो.

साधा फोन लाल, हिरवा, निळा असे तीनच पट्टे पाहतो. शिवाय फोटो नैसर्गिक दिसावा म्हणून त्याच्या आत अवरक्त प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. म्हणजे फोनवरचे ॲप फळाचा रंग, आकार आणि डाग पाहते, आतले काही पाहत नाही. बहुपट्टी कॅमेरा पाच-दहा निवडक पट्टे पाहतो. अतिवर्णपटीय, म्हणजे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा फळाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी शंभराहून जास्त पट्टे नोंदवतो. हातात धरून फळाला टेकवायचे निअर-इन्फ्रारेड यंत्र चित्र काढत नाही, एका जागेचे वाचन घेते. तो प्रकाश फळात काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर आत जाऊन परत येतो. पातळ सालीच्या आंब्यात गरापर्यंत पोचायला ते पुरते. केळीत वाचनाचा मोठा वाटा सालच खाते, आणि डाळिंबाच्या जाड सालीखाली दाणे, पडदे आणि पोकळी अशी गर्दी असल्याने वाचन आणखी डळमळीत होते.

यंत्राला जातीचे नाव कुठेही लिहिलेले दिसत नाही, हे लक्षात ठेवा. आधी खात्रीच्या जातींची शेकडो फळे त्याला दाखवतात आणि ‘ही अमुक, ही तमुक’ असे शिकवतात. पुढे नवे फळ आले की ते त्या जुन्या नमुन्यांपैकी कोणाशी जास्त जुळते एवढेच यंत्र सांगते. जी जात त्याला कधी दाखवलीच नाही, तिलाही ते ओळखीच्या नावांपैकीच एक नाव चिकटवते.

जातीपेक्षा पक्वता मोठी

केळीच्या सालीचा रंग गर्द हिरव्यापासून तपकिरी ठिपक्यांच्या पिवळ्यापर्यंत सात पायऱ्यांनी मोजतात. रायपनिंग चेंबरमध्ये हाच तक्ता भिंतीवर असतो. एकाच घडातील फळ पहिल्या पायरीवरून चौथ्या पायरीवर जाते तेव्हा हरितद्रव्य आणि साखर यांत जेवढा बदल होतो, तेवढा फरक दोन कॅव्हेंडिश जातींत कधीच नसतो. त्यामुळे पक्वता जुळवल्याशिवाय केलेली जातीची तुलना म्हणजे पक्वतेचीच तुलना होऊन बसते.

खानदेशात यात आणखी एक गाठ आहे. कॅव्हेंडिश केळी साधारण २४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात पिकली तर गर मऊ आणि गोड होतो, पण सालीचा हिरवा रंग पुरता जात नाही. मे महिन्यात उघड्यावर पिकवलेली केळी म्हणूनच हिरवट राहतात. थंड चेंबरमधील फळांवर शिकलेले यंत्र अशा केळाला कच्चे म्हणेल. कडाक्याच्या थंडीत उलटा प्रकार होतो, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकल्यावर रंग मळकट राहतो. मृगबाग आणि कांदेबाग यांची काढणी वेगवेगळ्या हवामानात येते. म्हणून फक्त मृगबागेवर शिकलेल्या यंत्राने कांदेबागेबद्दल दिलेला निकाल तपासल्याशिवाय मानू नये.

‘९८ टक्के अचूक’ म्हणजे काय?

विक्रेता आकडा सांगतो तेव्हा तो कशावर काढला हे विचारा. समजा १०० फण्यांत ९० ग्रँड नैनच्या आणि १० बसराईच्या आहेत. डोळे मिटून प्रत्येक फणीला ग्रँड नैन म्हणणारे यंत्रही ९० टक्के अचूक ठरते, आणि तुम्हाला जी दहा हुडकायची होती त्यातली एकही त्याने हुडकलेली नसते. म्हणून प्रत्येक जातीचा आकडा वेगळा मागावा. बसराईच्या दहापैकी किती सापडल्या, आणि ग्रँड नैनच्या किती फण्यांना चुकून बसराई म्हटले?

दुसरी फसगत जास्त छुपी आहे. शिकवायची फळे आणि परीक्षेची फळे एकाच शेतातली, एकाच दिवशी काढलेली असतील तर यंत्र जात शिकत नाही. ते त्या शेताची माती, त्या दिवसाचा उजेड, कधीकधी क्रेटचा रंगसुद्धा शिकते. एक जात सगळी एका गावाहून आणि दुसरी सगळी दुसऱ्या गावाहून आणली असेल तर प्रयोगशाळेतला आकडा देखणा येतो आणि तुमच्या शेतात यंत्र आपटते. शिकवताना न वापरलेल्या शेतावर आणि वेगळ्या हंगामात परीक्षा घेतली आहे का, हा प्रश्न गावच्या बैठकीत विस्तार कार्यकर्त्याने उघडपणे विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल तर यंत्र प्रयोगाच्या पायरीवर आहे असे समजावे. त्यात गैर काही नाही, पण त्यावर पैसे लावायची ती वेळ नव्हे.

ऑस्ट्रेलियात आंबा काढणीची वेळ ठरवण्यासाठी हातातील निअर-इन्फ्रारेड यंत्राने झाडावरच शुष्क पदार्थ मोजतात. तिथेही जात बदलली किंवा हंगाम बदलला की काही फळे प्रत्यक्ष वाळवून यंत्राचे वाचन पडताळावे लागते. इतका वापर रुळल्यावरही ही कसरत सुटलेली नाही.

कुठे हे तंत्र कामाचे आहे?

जिथे फरक आतल्या रचनेत आहे, तिथे. खानदेशातले सगळ्यांत चांगले उदाहरण म्हणजे भरिताचे वांगे. बामणोद, आसोदा भागातले हे फिकट हिरवे, पांढरट पट्ट्यांचे मोठे वांगे. त्यात बी कमी आणि गर भरपूर, म्हणून काड्यांवर भाजले की भरीत लोण्यासारखे होते. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चंपाषष्ठीच्या सुमारास मागणी वाढते आणि तशीच हिरवी, पण बियाळ वांगी त्याच नावाने विकली जातात. बाहेरून ओळख पटत नाही आणि प्रत्येक वांगे कापून दाखवता येत नाही.

घरच्या बाया वांगे हातात घेऊन ‘मोठे पण हलके’ असे बघून निवडतात. ही फळ न कापता केलेली तपासणीच आहे. गर स्पंजासारखा आणि हवेने भरलेला असतो, बी त्यापेक्षा घट्ट. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांत जास्त बियांचे वांगे वजनाला भरते. मात्र दोन्ही त्याच दिवशी तोडलेली हवीत, कारण वाळून सुरकुतलेले वांगेही हलके लागते. क्ष-किरण यंत्र हाच फरक चित्रात दाखवते: जिथे पदार्थ घट्ट तिथे किरण कमी आरपार जातात. मोठ्या पॅकहाउसमध्ये पट्ट्यावरून जाणाऱ्या फळांचे असे चित्र घेता येते. संत्रावर्गातील फळांमधले बी न कापता शोधण्यासाठी स्पेनमध्ये एमआरआयचे प्रयोग झाले आहेत. आपल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने इतके महाग यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. पण वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन, त्याच लांबीच्या वांग्यांपैकी जड वांगी वेगळी काढायला खर्च येत नाही. आधी वीस-पंचवीस वांगी मोजून, कापून, आपल्या वाणासाठी किती वजनाला बी जास्त निघते याचा स्वतःचा तक्ता करावा.

आंब्यातही हे चालते. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकातच क्ष-किरणांनी साका आणि कोयीतील भुंगेरा दिसतो हे दाखवले होते. पण हापूसच्या पेटीवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातून येणारा हापूस हीसुद्धा तीच जात आहे, गाव मात्र वेगळे. जात ओळखणारे यंत्र दोन्हीला हापूसच म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. ‘जळगाव केळी’ या २०१६ च्या मानांकनाचेही तसेच. ते नाव जातीला नाही, ठिकाणाला आहे. रावेरची ग्रँड नैन आणि शेजारच्या बऱ्हाणपूरची ग्रँड नैन यांतला फरक कॅमेऱ्याने सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे नोंदणी, शेताचा गट क्रमांक आणि खरेदीची पावती हाच पुरावा.

पपईत प्रश्न फळाआधीच संपलेला असतो. शिरपूर, शहादा भागात रेड लेडी ७८६ हा संकरित वाण चालतो. त्याच्याच फळातील बी काढून केलेली रोपे पुढच्या पिढीत सारखी निघत नाहीत. फळ लागल्यावर फोटो काढून हे कळले तरी हंगाम गेलेला असतो. तिथे तपासायचे ते बियाण्याचे सीलबंद पाकीट आणि लॉट क्रमांक.

केळीत फोटो कशाचा काढावा?

पुन्हा सुरुवातीच्या बागेकडे येऊ. वाण नोंदणीसाठी देशात जी अधिकृत पद्धत वापरतात, तिच्यात दोन जाती शेजारी-शेजारी लावून झाडाची लक्षणे पाहतात: खोडाची उंची व रंग, पानाच्या देठाची खोबण, घडाचा झुकाव, केळफुलाचा आकार. सुट्या फळाचा फोटो त्यापुढे फार अपुरा आहे. तुमचा कॅमेराही याच लक्षणांवर लावा.

बुटकी झाडे उतिसंवर्धनात होणाऱ्या बदलातूनही निघतात. कॅव्हेंडिश गटात असा बुटका प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्याची पाने लांबीच्या मानाने रुंद आणि एकमेकांजवळ असतात, त्यामुळे सावलीघरातच जाणकार ती रोपे बाजूला काढू शकतो. लागवडीच्या दिवशी रोपांचे ट्रे सावलीत ठेवून वरून फोटो काढा, वेगळ्या ठेवणीची रोपे मोजा आणि ती लावू नका.

बाग निसवल्यावर शंका असलेली पाच झाडे आणि त्याच ओळीतील चांगली पाच झाडे निवडा. ओळ तीच असली की पाणी आणि खत सारखे मिळाले हे आपोआप दिसते. प्रत्येक झाडाशेजारी खुणा केलेली काठी उभी धरून जमिनीपासून घडाच्या दांड्यापर्यंतचा पूर्ण फोटो घ्या. नंतर घड बाजूने आणि केळफूल जवळून घ्या. केळफूल मोडण्याआधी हे करणे भाग आहे, कारण बसराईत त्या दांड्यावर वाळलेली फुले आणि त्यांची आवरणे चिकटून राहतात, ही चांगली खूण असते आणि केळफुलासोबत तीही जाते. फोटो सकाळच्या सावलीत घ्यावेत, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवावेत. चौकटीत पांढरा कागद धरला तर नंतर रंग जुळवता येतो. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत बारीक होते आणि तिच्यातील तारीख-वेळेची नोंद गळते.

क्षेत्र मोठे असेल तर ड्रोनने घेतलेल्या फोटोंवरून झाडांच्या उंचीचा नकाशा करता येतो आणि बुटकी झाडे एकगठ्ठा आहेत की विखुरलेली, हे दिसते. एकगठ्ठा असतील तर आधी ठिबकची लाइन आणि जमीन तपासा. चांगल्या झाडांमध्ये विखुरलेली असतील तर संशय रोपांवर जातो.

डीएनए तपासणी आणि कागदपत्रे

‘मग पानाची डीएनए तपासणी करून टाकू’ असे अनेक जण म्हणतात. ती केळी कॅव्हेंडिशच आहे की वेलची, लाल केळी यांसारखी दुसरीच, हे तपासणी नक्की सांगते. पण बसराई आणि ग्रँड नैन एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की नेहमीच्या डीएनए खुणांत त्यांच्यातला फरक बऱ्याचदा दिसतच नाही. खर्च करण्याआधी प्रयोगशाळेला नेमक्या दोन जातींची नावे सांगून, त्या वेगळ्या करणारी खूण त्यांच्याकडे आहे का, ते विचारून घ्या.

खरा बचाव खरेदीच्या वेळचा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली आहे. त्यात रोपे विषाणूमुक्त आहेत का आणि मातृझाडाशी जुळतात का, हे तपासून लेबल दिले जाते. सीएमव्हीने बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्याला विषाणूच्या तपासणीचे मोल सांगायला नको. लेबल, जातीचे नाव आणि बॅच क्रमांक असलेले पक्के बिल घ्या. रोपवाटिकेकडे परवाना आहे का, तेही पाहा, राज्यात फळ रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे.

शंका आली की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जळगावचे केळी संशोधन केंद्र किंवा पाल, ममुराबाद, धुळे येथील कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना झाडे उभी असतानाच बागेत बोलवा. शंकेची झाडे पंचनामा होईपर्यंत तोडू नका आणि त्यांच्या खोडाला रंगाचा पट्टा मारून ठेवा. काढणीला आलेले घड कापणे भाग पडले तर फोटो आणि उंचीची नोंद आधी करून घ्या, खोड आणि मुनवे मात्र जागेवर राहू द्या.